वाकड्या भिंतीचे साहेब आणि कांबळेचा स्लॅब

काम दुसऱ्याच्या घराचं असलं की किस्से आपोआप साठतात. आम्ही हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात बसून इंग्लंडमधल्या जुन्या घरांचे नकाशे काढतो. लेझर स्कॅन तिकडून येतो, रेघा आम्ही मारतो. घर कुणीच पाहिलेलं नाही, त्यामुळे विनोदाला तोटा नाही!

आमच्यातला सिनियर कांबळे. त्याच्या तीस वर्षांच्या बिल्डिंगला 'धोकादायक, रिकामी करा' अशी नोटीस लागलीय. दुरुस्तीवर भागेल की घरच जाईल, या काळजीत तो, आणि आम्ही त्याचीच खेचतो. वाईट आहोत आम्ही.

*

कांबळे नवा होता तेव्हाची गोष्ट. चारशे वर्षांच्या एका घराच्या सगळ्या भिंती त्याने दोन दिवस खपून नकाशात ओळंब्यात आणल्या! तिकडच्या आर्किटेक्ट साहेबांचा मेल आला, 'भिंती मुळातच कललेल्या आहेत. कृपया सुधारू नका.'

कांबळे म्हणाला, "आमच्या बिल्डरला हे आधी कळलं असतं, तर त्याने हेरिटेज म्हणून जादा भाव लावला असता!"

*

आमच्यातल्या उत्तनच्या डॉमनिककडे एका चर्चचं काम आलं. संतांच्या पुतळ्यांपैकी एकालाही मुंडकं नाही. त्याने शेरा मारला, 'स्कॅन अपुरा, पुन्हा पाठवा.' साहेबांनी कळवलं, 'मुंडकी जुन्या काळी मूर्तिविरोधकांनी फोडली. आता आहे तसंच जपायचं.'

डॉमनिक उखडला. "संताला मुंडकं न्हाय ते यांना चालतंय, माझी रेघ जरा हलली तर चालत न्हाय!"

*

तिकडच्या एका हेरिटेज घराच्या मालकाला खिडकीची काच बदलायला महिनोन्महिने परवानगी मिळेना. व्हिडिओ कॉलवर कांबळेने साहेबांना सांगितलं, "आमच्या वरच्या मजल्यावाल्याने रविवारी मधली भिंत पाडून हॉल मोठा केला."

साहेब दचकले. "परवानगी कुणाची घेतली?"

"बायकोची!"

*

आमचे शेठ कांबळेला धीर देतात. "टेन्शन नहीं लेने का. उधर पाँचसौ साल का घर खडा है, तेरा तो अभी बच्चा है!"

"बच्चे के दाँत गिरते हैं, शेठ. हमारा प्लास्टर गिरता है."

*

गेल्या महिन्यात साहेब स्वतः आले. पाचशे वर्षांची घरं वाचवणारा माणूस! कांबळेने आग्रह करून त्यांना तिसऱ्या मजल्यावर घरी नेलं. आम्हीही मागोमाग गेलो.

साहेबांनी पिलर ठोकून पाहिला. भेगेत नख घातलं. वर स्लॅबमधल्या गंजलेल्या सळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. कांबळेची बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि साहेबांसमोर धरून थांबली.

कांबळेने विचारलं, "सर, वाचेल ना?"

साहेबांनी कप उचलला, पुन्हा एकदा वर पाहिलं आणि ते अगदी अदबीने म्हणाले,

"चहा आपण सगळे खाली रस्त्यावर जाऊन घेऊ या का?"