कवळीकाकांना पूर्णविराम नाही

कवळीकाका बोलायला लागले की समोरच्या माणसाला तोंड उघडावंच लागे, कारण काकांना त्याच्या हिरड्या बघायच्या असत. आणि एकदा तोंड उघडून बसलं की त्या माणसाला बोलता येत नसे. काकांच्या आयुष्यातलं निम्मं सुख या एका सोयीत होतं.

पडद्याच्या पलीकडच्या खोलीत दाताचे डॉक्टर बसत. ते ठसा घेत आणि अलीकडे पाठवत. अलीकडे काका त्या ठशात प्लॅस्टर ओतत, मेणावर एकेक दात मांडत, गुलाबी हिरड्या घडवत, घासून पुसून चकचकीत करत, आणि हे सगळं चालू असताना बोलत. माणूस नसला तर प्लॅस्टरच्या जबड्याशी बोलत. घरी काकूंनी लग्नानंतर लवकरच एक पद्धत बसवून घेतली होती. काकांचा आवाज चढला की "हो ना" म्हणायचं आणि उतरला की "अरेरे". संसार सुखाचा चालला होता.

एके दिवशी एक बाई आजीची मोडकी कवळी रुमालात बांधून घेऊन आल्या. ती बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले होते. काकांनी तुकडे जोडता जोडता त्यांना पोहण्याच्या तलावात शिंकलेल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. त्यांची कवळी तळाशी गेली आणि सूर मारून बाहेर आलेल्या दुसऱ्याच एका माणसाने "ही माझी" म्हणून तोंडात घातली. बाई हसल्या नाहीत. कवळीसारखं तोंड उघडं टाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, मी माहितीपट बनवते. तुमच्यावर बनवू का?"

"कशाची माहिती हवी?"

"तुमची."

"ती तर मी मागितल्याशिवायच देतो," काका म्हणाले. ते खरंही होतं.

आठवड्याभरात बाई आपली माणसं घेऊन आल्या. एक कॅमेरावाला, अंगाने भरभक्कम, जिने चढून आला की भिंतीला टेकून उभा राहणारा. दुसरा काठीवाला. त्याच्या लांब काठीच्या टोकाला आवाज टिपणारा केसाळ बोळा होता आणि तो बोळा काकांच्या डोक्यावर धरून त्याला तासन्‌तास उभं राहायचं होतं.

बाईंनी नियम सांगितले. "आम्ही इथे नाहीच असं समजायचं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आमच्याशी बोलायचं नाही. आम्हीही काही विचारणार नाही, काही करायला सांगणार नाही. जे घडेल ते टिपायचं. याला निरीक्षणाची पद्धत म्हणतात."

"आणि तुम्ही माझ्या वाटेत आलात तर?"

"आम्ही नाहीच ना, काका."

काकांनी हे फार मनावर घेतलं. सकाळी कॅमेरावाला त्यांच्या स्टुलावर टेकला होता. काका आले आणि नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले. म्हणजे कॅमेरावाल्याच्या मांडीवर बसले, मेण तापवलं आणि काम सुरू केलं. कॅमेरावाल्यानेही नियम मोडला नाही. पाय बधिर होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. बाई एका कोपऱ्यातून खुणा करत होत्या, पण त्या तिथे नव्हत्याच, त्यामुळे काकांना त्या दिसल्या नाहीत.

दुपारी काकांनी हात धुतले, दिवा मालवला, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि जेवायला घरी गेले. डॉक्टर त्या दिवशी सुट्टीवर होते, म्हणजे पलीकडचं दारही बंद. माहितीपटवाले तिघेही आत.

काका जेवायला बसले तेवढ्यात फोन वाजायला लागला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला.

"घ्या की," काकू म्हणाल्या.

"घेता येत नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरलंय."

"कोणाशी?"

"दुकानात आहेत ना, त्यांच्याशी."

"दुकानाला तर तुम्ही कुलूप लावून आलात. आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग फोन कोण करतंय?"

"तेच," काका शांतपणे म्हणाले. "जे नाहीत ते."

काकूंनी स्वतः फोन घेतला, ऐकला, आणि काकांना हात धुवायलाही न देता बाहेर काढलं. शटर वर गेलं तेव्हा बाई प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर बसल्या होत्या आणि काठीवाला काठीच्या टोकाने झरोका उघडायचा प्रयत्न करत होता. काका आत आले, कोणाकडेही न बघता स्टूल ओढून बसले.

"काका," बाई म्हणाल्या, "आपण पद्धत बदलू. मुलाखत घेऊ."

दुसऱ्या दिवशी खुर्ची मांडली, बाजूला दिवा लावला, मागच्या फळीवर सगळ्यांत देखणे जबडे ओळीने ठेवले. मुलाखतीचे नियम वेगळे होते. बघायचं बाईंकडे, कॅमेऱ्याकडे नाही. बाई प्रश्न विचारणार, पण त्यांचा आवाज नंतर काढून टाकणार. म्हणून काकांनी उत्तरातच प्रश्न घ्यायचा. "तुम्ही या कामात कसे आलात?" असं विचारलं तर "मी मामांमुळे आलो" म्हणायचं नाही. "मी या कामात मामांमुळे आलो" असं म्हणायचं.

काकांना ही पद्धत मनापासून आवडली, कारण तिच्यात प्रत्येक वाक्य आपोआप लांब होत होतं. मामांपासून ते मामांच्या अक्कलदाढेवर गेले, तिथून एकूण अक्कल या विषयावर, तिथून डॉक्टरांवर. कॅमेरावाला बॅटरी बदलून बदलून थकला. काठीवाल्याच्या खांद्यांना रग लागली, तेव्हा त्याने काठी सरळ पडद्याच्या दांडीला बांधून टाकली आणि खाली पाय पसरून बसला. बाई अधूनमधून हात जोडून म्हणत, "काका, जरा थांबत थांबत." काका मान डोलवत आणि त्याच श्वासात पुढे जात.

सवय घरापर्यंत आली.

"चहा घेणार का?" काकूंनी विचारलं.

"मी चहा घेणार का, तर मला चहाची गोडी लागली ती लहानपणी, आमच्या घरामागे..."

"हो की नाही, तेवढं सांगा."

"मला हो किंवा नाही एवढंच सांगायचं झालं, तर..."

काकूंनी कप पुढ्यात आदळला आणि "अरेरे" म्हणाल्या. या वेळी मनापासून.

माहितीपटाचा शेवट काय करायचा हे बाईंनी आधीच ठरवलं होतं. काकांकडे एक पंच आजोबा यायचे. जन्मभर फुटबॉलचे पंच होते. आता तोंडाचं बोळकं झालं होतं आणि शिट्टी ओठांत धरली की ती वाजण्याऐवजी आत जायची. नातीच्या शाळेत सामना होता आणि तिथे त्यांना शिट्टी वाजवायची होती. कवळी तयार होती. आजोबा ती पहिल्यांदा घालणार, आरशात बघणार, हसणार. आणि ते हसू कॅमेऱ्यात आलं की बाईंचं काम संपलं.

आजोबा आले, त्यांनी कवळी घातली, आरशात बघितलं आणि असे हसले की डॉक्टरसुद्धा पडदा सारून बघायला आले. कॅमेरावाल्याची बॅटरी नेमकी तेव्हाच संपली होती आणि तो खाली वाकून भिंतीतलं विजेचं बटण शोधत होता.

"आजोबा," बाई अजिजीने म्हणाल्या, "एकदा कवळी काढून परत घालाल का? आणि परत तसंच हसाल?"

"पण माहितीपटात खरं तेच दाखवतात असं तुम्ही म्हणाला होतात," काका म्हणाले.

"खरंच आहे ते. म्हणून तर परत करायचं."

आजोबा ताठ उभे राहिले. "झालेला गोल पुन्हा मारायला लावत नाहीत," ते म्हणाले.

"फक्त एकदा, आजोबा. पहिल्यांदाच घालताय असं समजून."

आजोबांनी खिशात हात घातला, पिवळं कार्ड काढलं आणि बाईंच्या नाकासमोर धरलं. निवृत्त झाल्यावरही ते कार्डं जवळ बाळगत. बँकेत रांग मोडणाऱ्यांसाठी उपयोगी पडत. बाई तरीही "आजोबा, प्लीज" म्हणाल्या. आजोबांनी लाल कार्ड काढलं आणि बोटाने पडद्याकडे दाखवलं.

त्या बोटात असं काही होतं की बाई गेल्या. स्वतःच्याच शूटिंगमधून बाहेर काढलेल्या बाई पडद्यापलीकडे, दात दुखणाऱ्या दोन माणसांच्या मधे जाऊन बसल्या. इकडे वातावरण जरा निवळावं म्हणून काकांनी आजोबांना तलावात शिंकलेल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. दुसऱ्याने ती कवळी तोंडात घातली इथपर्यंत गोष्ट आली आणि आजोबांनी नवे दात दाखवत मांडीवर थाप मारली, गडगडून हसले, आणि हसता हसता खिशातली शिट्टी काढून कान बसतील एवढ्या जोराने फुंकली. कॅमेरावाल्याला बटण सापडलं होतं. कॅमेरा चालू होता.

निघण्याआधी काठीवाला म्हणाला, "आता खोलीचा आवाज घ्यायचाय. सगळ्यांनी गप्प राहायचं."

"सगळे गप्प राहिले तर खोली कशी आवाज करेल?" काकांनी विचारलं.

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, काका. तुकडे जोडताना मधे घालावी लागते."

काकांनी ओठ घट्ट मिटले. पोटातून शब्द वर येत होते आणि ते गिळत होते. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. उजेड चांगला होता. कॅमेरावाल्याने ते टिपून घेतलं.

माहितीपट तयार झाला तेव्हा वाचनालयाच्या सभागृहात दाखवला. सगळी गल्ली आली. पंच आजोबा पहिल्या रांगेत होते. अंधार झाला आणि पडद्यावर काकांचा चेहरा आला. काका ओल्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांचे हात दिसले, मेण दिसलं, पुन्हा हात. पुन्हा खिडकी. आणि कुठल्यातरी खोल, जड आवाजाने सांगितलं, "हा माणूस बोलत नाही. त्याच्याऐवजी दात बोलतात."

सभागृहात एकजण खोकला. काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

 पडद्यावर काका पुन्हा गप्प होते. मामा नव्हते, अक्कलदाढ नव्हती. पंच आजोबा पोट धरून हसत होते, पण ते कशाला हसताहेत हे कळत नव्हतं; काकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्यांना हसू फुटलं असं वाटत होतं. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात चपला बाहेर काढून, दबक्या आवाजात येऊ लागले. कोणीतरी समोर बसून काकांच्या हातांकडे नुसतं बघत राही. काका "तोंड उघडा" म्हणत आणि "मिटा" म्हणत. बाकी दातखीळ बसल्यासारखे गप्प. घरीही तेच. जेवायला या म्हटलं की येत, वाढलं की जेवत.

काकूंना पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्या चुकून "हो ना" म्हणाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की समोरून काही आलंच नव्हतं. त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्यांनी बाईंना फोन लावला.

"माझा माणूस बोलता होता तेव्हा नेलात," त्या म्हणाल्या. "हा असा परत केलेला मी ठेवून घेणार नाही."

बाई त्याच संध्याकाळी आल्या. काका खिडकीपाशी बसले होते, माहितीपटात बसले होते अगदी तसेच.

"रागावलात का, काका?"

काकांनी खांदे उडवले.

"काका, मी तुमच्यापुढे दातांच्या कण्या केल्या, जरा थांबत बोला म्हणून. तुम्ही थांबलातच नाही. तुमच्या बोलण्यात पूर्णविरामच नाही. मी कात्री घालू कुठे? मुलाखतीच्या सुरुवातीला तुम्ही मामांबद्दल एक वाक्य सुरू केलंत..."

"ते अजून संपलेलं नाही," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी ते सगळं ऐकलंय, एकटीने, पुन्हा पुन्हा. हसून हसून पुरेवाट झाली माझी. पण लावता कुठेच आलं नाही. म्हणून विचारायला आलेय. माझा पुढचा माहितीपट कासवांवर आहे. त्यात कोणी बोलत नाही, आणि हालचालही बेताची. निवेदनाला असा आवाज हवाय जो मधे थांबणार नाही. कराल?"

काकांनी विचार करायला वेळ घेतला असं दाखवलं. मग विचारलं, "आणि तो जड आवाजाचा माणूस?"

"तो कासवांना झोपवेल."

आवाजाच्या स्टुडिओत काकांना एका कोंदट खोलीत बसवलं. भिंतींना स्पंज, कानांवर हेडफोन, समोर लिहिलेलं निवेदन. निवेदन एका पानाचं होतं. काकांनी ते सुरुवात म्हणून वापरलं. पडद्यावर एक कासव वाळू उकरत होतं आणि काका त्याच्याबद्दल, त्याच्या पाठीबद्दल, पाठदुखीबद्दल आणि पाठदुखीवर काकूंकडे असलेल्या तेलाबद्दल बोलत होते. काचेपलीकडे बाई डोळे मिटून हसत होत्या. मग कासवाने जबडा उघडला आणि काका एकदम गप्प झाले.

"काय झालं, काका?" हेडफोनमधून बाईंनी विचारलं.

"याला एकही दात नाही."

"कासवांना नसतातच."

"एवढं आयुष्य, आणि बोळकंच," काका म्हणाले. त्यांनी नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा सुरू केलं. त्या जबड्याचं माप कसं घ्यावं लागेल, ठसा घेताना कासवाने मान आत ओढली तर काय करावं, खालचे दात आधी की वरचे. बाईंनी यातलं काहीही काढलं नाही.

कासवांचा माहितीपट त्याच सभागृहात दाखवला. काकू उशी घेऊन गेल्या होत्या, कारण कार्यक्रम लांबेल याची त्यांना खात्री होती. परतताना काका वाटभर बोलत होते. निवेदनात राहून गेलेलं बरंच काही होतं.

"तुला कसं वाटलं?" घराच्या पायरीवर त्यांनी विचारलं.

"चांगलं झालंय," काकू किल्ली काढत म्हणाल्या. "कासवांनी फार समजून घेतलंय तुम्हाला."