आठ कायद्यांचं घर

बहरीनला निघालो त्या सकाळी बॅगेसाठी आणलेलं नवं कुलूप मी घाईघाईत घराच्या दाराला ठोकलं आणि ऐटीत रिक्षात बसलो. वडील आतच होते. खिडकीतून म्हणाले, "अरे, मला कोण पळवून नेणार आहे? आपल्या दाराला कधी कडी तरी लागलीय का?" निरोप द्यायला जमलेलं आमचं अख्खं गुहागर हसलं. धावत जाऊन कुलूप काढलं.

जनाबियाला एका कोरियन कंपनीच्या कामगार कॅम्पवर मी अ‍ॅडमिन ऑफिसर, म्हणजे नोटिसा लिहिणारा कारकून. चपला, भांडी, टीव्ही; भिंतीवर माझे नियम वाढत गेले. कामगार पोरं म्हणायची, "यल्ला, चला साहेब, अजून एक!" मला तो मान वाटायचा.

एकदा माझं घड्याळ सापडेना. कॅम्पचा आचारी हसनभाई, दापोलीचा, दर सुट्टीत माझं पार्सल वडिलांना पोचवणारा. त्यालाच मी सगळ्यांदेखत ट्रंक उघडायला लावली. घड्याळ सनाबिसला, बायकोसोबत राहायचो त्या माझ्याच घरी, बाथरूमच्या फळीवर निघालं. माफी मागायची सोडून मी नवी नोटीस लिहिली: ट्रंकेला कुलूप सक्तीचं.

आमचे कोरियन इंजिनियर पाकसाहेब ती वाचून म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या हान बादशहाने आमचा उत्तरेचा मुलूख जिंकला, चार जिल्हे पाडले, आपले अंमलदार बसवले. त्याआधी आमच्या लोकांचे कायदे आठच, रात्री दारंही लावत नसत. अंमलदारांमागून व्यापारी आले, उघडी दारं बघून चोऱ्या करू लागले. कायदे साठावर गेले. "हे चिन्यांनीच लिहून ठेवलंय," ते म्हणाले. "तुमचे किती झाले?"

एकतिसावा नियम माझ्या हातात होता. न लागणाऱ्या दाराच्या घरातून आलेला मी, इथे येऊन हान बादशहाचा अंमलदार झालो होतो!

पुढच्याच आठवड्यात हसनभाई सुट्टीवर निघाला. पार्सल न्यायला आपणहून आला आणि स्वतःची बॅग माझ्यापुढे उघडून उभा राहिला. "बघून घ्या, भाऊ. तुमच्या बाबांकडे कोन तपासत नाय." माफीचा शब्द ओठांवर आला, पण निघाला नाही. "इंशाल्ला, भेटू," एवढंच म्हणालो.

तुम्ही गावातले पत्रातून विचारता, घराची आठवण येते का? येते. ते उघडं दार दिसतं, आणि दारात माझं पार्सल घेऊन उभा असलेला हसनभाई. मी कुठेच दिसत नाही.

हसनभाई पार्सल घेऊन गेला त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "मामंजींना कोंडलंत, ते निदान लगेच उघडलंत तरी."