चष्मेवाल्याने नापास केलेला समुद्र

गावातल्या निम्म्या नाकांवर त्याने चष्मे बसवले होते. त्यामुळे लोकांना दिसतं ते आपल्या कृपेने, अशी त्याची पक्की समजूत होती. दुकानात गिऱ्हाईक अडखळलं की तो खेकसायचा, "स्वतःचा नंबर माहीत नाही? मग जगता कसं?" बायको मागे फ्रेमा पुसत असायची. गिऱ्हाइकाची माफीही नजरेनं तीच मागायची.

तिला एकदाच मासा त्याच्या घरी जाऊन पाहायचा होता. ताटातला नाही, काचेच्या पेटीतला नाही. त्यासाठी ती या वयात तलावावर पोरासोरांत पोहायला शिकली. मग दोन दिवस दुकान बंद ठेवून, तिच्या धाकट्या भावाच्या गाडीतून तिघं समुद्रावर आले. पाण्याखाली बघायचा काचेचा मास्क आणि श्वासाची नळी, दोन्ही एकेकच आणली होती.

"आधी मी बघणार," चष्मेवाला म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतंय?"

त्याला कळत होतं, निदान वाचून तरी. नदीचं मुख टाळायचं. नुसती वाळू टाळायची. लाटा आपटत नाहीत अशा आडोशाला, खडकांच्या कडेने, वारा सुटायच्या आत उतरायचं. पहिल्याच दिवशी त्याने अशा तीन जागा हुडकल्या. प्रत्येक ठिकाणी चष्मा काढून बायकोच्या हातात दिला, मास्क चढवला, बदकासारखा डुलत आत गेला आणि तोंड वाकडं करून बाहेर आला.

"गढूळ. नुसतं दूध!"

"दाजी, वरून तर तळ दिसतोय," मेहुणा म्हणाला.

"वरून तुझी ताईसुद्धा शांत दिसते."

मेहुणा हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर चौथी जागा. पुन्हा दूध. "चला घरी," त्याने फर्मान काढलं. तिने त्याचा चष्मा भावाकडे दिला, नवऱ्याच्या हातातून मास्क ओढला आणि पाण्यात शिरली.

खाली पिवळ्या पट्ट्यांचा मासा खडकावरचं शेवाळ कुरतडत होता. त्याच्या शेपटीने उडालेला वाळूचा कण न् कण दिसत होता. मागून आणखी दहा-बारा आले. दूध कसलं, पुसून ठेवलेली काच होती.

तिने डोकं वर काढलं. काठावर नवरा खडकावर वाळत घातलेल्या टॉवेलला दरडावत होता, "ऐकू येत नाही का? चष्मा दे माझा!"

ती तडक बाहेर आली.

"तुमचा नंबर किती हो?"

"उणे सात. का?"

"आणि या मास्कच्या काचेचा?"

मेहुणा पोट धरून वाळूत बसला. चष्मेवाल्याने घसा साफ केला. "पाण्यात सगळं मोठं दिसतं. मला वाटलं, नंबर लागत नसेल."

"म्हणजे कालच्या तिन्ही जागांचं पाणीही असंच नितळ होतं."

त्याने चाचपडत टॉवेल उचलला. मग म्हणाला, "निघायला हवं. उद्या दुकान उघडायचंय."

"उघडा की. कुणी अडवलंय?" तिने मास्क परत चढवला आणि पाठ फिरवली.

"अरे, हाक मार तिला!" तो मेहुण्यावर ओरडला.

मेहुण्याने त्याचा चष्मा त्याच्या नाकावर बसवला. "बसा, दाजी. दोन दिवस तिने तुमचा चष्मा सांभाळला. आता तुम्ही तिच्या चपला सांभाळा."

ती तोवर खडकाच्या कडेकडेने पार पलीकडे गेली होती.