हर्कमानची छुर्पी-परीक्षा

कालिम्पोंगच्या ‘दहावा मैल’ नावाच्या बाजारात माझं लोकरीचं दुकान आहे, आणि बरोबर समोर हर्कमान राईचं कवळ्यांचं. तो काही डॉक्टर नव्हे. आधी सोनाराच्या हाताखाली होता, मग एका दंतवैद्याकडे साचे ओतायला शिकला. बत्तीस वर्षांत कालिम्पोंगच्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्याने दात दिलेत. खोड एकच. माणूस समोर आला की हा डोळ्यांत बघायचं सोडून जबड्याकडे बघतो. मुलगी बघायला गेला तेव्हाही तेच. शेवटी मुलीनेच विचारलं, "माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

"नाही, तुम्ही पोहे उजवीकडेच चावताय. डावी दाढ दुखते ना?"

दुखत होती. तीच आता त्याची बायको, सुनकेसरी. ती म्हणते, "बाकीचे माझे केस बघून गेले. याने दुखणं तरी बघितलं."

त्याच्याकडून कवळी घेतली की दुकानातच तीन पदार्थ खाऊन दाखवावे लागतात: मोमो, कोरडे पोहे आणि छुर्पी. मोमोला जबडा नुसता वर-खाली होतो, चार चावे की घास पोटात. पोह्यांना तो जात्यासारखा फिरतो. आणि छुर्पी म्हणजे दुधाचा वाळवून दगड केलेला तुकडा. तिच्याशी घाई केली की संपलं.

गेल्या फागुनात सुबेदार नरध्वज लिंबू आले आणि त्यांनी टेबलावर कवळीचे दोन तुकडे आपटले.

"सिलिगुडीला करून घेतली होती. छुर्पी खाल्ली अन् मोडली. हा कसला माल?"

हर्कमानने आठ दिवसांत नवी केली. सुबेदारसाहेब ती बसवून उठायला लागले, तशी सुनकेसरीने मोमोची बशी पुढे केली.

"हे काय?"

"परीक्षा आहे, दाजू," हर्कमान थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. "खाऊन दाखवा."

"मी चौतीस वर्षं पलटणीत काढली. आता तुझ्यापुढे मोमोची परेड करू?"

पण मोमो वाफाळत होते. खाल्ले. चार चावे, घास पोटात. मग पोहे. तेही चार चावे! घशात अडकले, ठसका लागला, डोळे लाल. मी माझं दुकान सोडून पाणी घेऊन धावलो. हर्कमान मात्र जबड्यावरची नजर काढेना. त्याने छुर्पी दिली. सुबेदारसाहेबांनी ती सुपारीसारखी दाढेखाली धरली आणि डोळे मिटून जोर लावणार, तोच हर्कमान टेबलावरून झेपावला आणि त्याने त्यांची हनुवटीच धरली.

"दाजू! तुमचे खरे दातही असेच गेले काय?"

सुबेदारसाहेबांनी छुर्पी तोंडातून काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "पलटणीत पाच मिनिटांत जेवायचं. शिट्टी झाली की ताट ठेवायचं. जे समोर येईल ते चार चाव्यांत. घरून छुर्पी यायची, तीही तशीच फोडायचो. पोरं टाळ्या वाजवायची."

"म्हणजे लिंबू जमातीत, छुर्पी खाणाऱ्यांत जन्मून छुर्पी खाताच येत नाही तुम्हाला?" सुनकेसरीने विचारलं. तिला हसू आवरेना.

"गावात कुणाला सांगू नका," साहेब म्हणाले. मी समोरच उभा होतो. माझ्याकडे बघून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, यावेळी हुकूम दिल्यासारखं.

मग हर्कमानने शिकवलं. तुकडा गालात ठेवा. विसरून जा. गप्पा मारा. मऊ झाला की कडेकडेने थोडं खरवडा, पुन्हा गालात. पहिल्या दिवशी साहेबांनी दर दोन मिनिटांनी विचारलं, "आता चावू?" चौथ्या दिवशी विचारायचं विसरले, कारण ते बोलत होते. कुठल्याशा बर्फाळ चौकीवरच्या एका खेचराबद्दल. त्याला कसं पुरलं तेही सांगितलं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी मी हललो नाही.

महिन्याभराने सुबेदारीणबाई आल्या. तणतणत.

"हर्कमान, तू काय केलंस यांचं? पूर्वी पाच मिनिटांत ताट रिकामं व्हायचं. आता दीड तास! भातसुद्धा चाळीस वेळा चावतात. आणि बोलतात! माझी भांडी तशीच पडलेली. ती कवळी जरा बिघडवून दे."

"काय बोलतात?" सुनकेसरीने विचारलं.

सुबेदारीणबाई खुर्चीवर बसल्या. "काल विचारत होते, लग्नात माझ्या अंगावर कुठल्या रंगाचं चोलो होतं. आता मला तरी कुठे आठवतंय!"

हर्कमानने छुर्पीचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी मोठासा तुकडा निवडला आणि गालात टाकला, सवयीने, न बघता.

"हिरवं असेल," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "थांब, विचारते घरी जाऊन."

पण उठल्या मात्र तासाभराने.