शहाणपणाची हुग्गी

माझ्या धाकट्या बहिणीला शांत बसवण्यासाठी आमच्या घराने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. ती सहा वर्षांची होती, डाउन सिंड्रोम असलेली. हा शब्द मला फार पुढे कळला. सत्तरच्या दशकात सोलापुरातले आमचे डॉक्टर तिला मंगोल म्हणत आणि शुक्रवार पेठेतली आमची गल्ली सरळ येडी म्हणे. ती कुणाच्याही घरात घुसायची, मांडलेल्या पंगतीत जाऊन बसायची, हाताला लागेल ते भांडं अंगणात भिरकावून टाळ्या पिटायची. तिच्यापायी आईने चार लोकांत जाणं सोडलं होतं. शेवटी आत्याने आईला नवस बोलायला लावला. पोर शहाणी झाली तर जंगमाला आणि गल्लीला हुग्गीचं जेवण.

दिवाळीनंतर ती खरोखरच शहाणी झाली. दारातून हलेना. भांडी जागच्या जागी राहू लागली. मी शाळेतून आले की "अक्का" म्हणून अंगावर झेप घ्यायची, तेही थांबलं. भिंतीला टेकून नुसती बघत बसायची. पायांवर निळे डाग दिसत, ते म्हणे पडल्याचे. मधूनमधून ताप यायचा. वडिलांनी दाखवायला नेलं तर आमच्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "डोक्याचाच भाग आहे. अशी मुलं अशीच असतात."

आत्या मात्र खूश होती. "देवानं ऐकलं बग. लई शाणी झाली की पोर."

मग हुग्गी शिजली, गव्हाची, गूळ घालून, वर तुपाची धार. ज्या बायका तिला दारातून हाकलत, त्याच आता तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडत होत्या. आईचा चेहरा इतका फुललेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. बहिणीने एक घास घेतला आणि ताटात थुंकला. घास लाल होता. हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हाही एकजण म्हणालीच, जीभ चावली असेल.

मोठ्या इस्पितळात वडिलांनी विचारलं, "डोक्यात गाठ झालीय का?"

"डोक्यात काही नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. "रक्ताचा कॅन्सर आहे. अशा मुलांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो."

म्हणजे हे ठाऊक होतं. जन्मल्या दिवशी तिला एका नजरेत मंगोल ठरवणाऱ्या आमच्या डॉक्टरांना हे एक वाक्य सांगता आलं नाही. डाग दिसले तर रक्त तपासा, एवढंच. त्या माणसाबद्दलचा राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो जावा असं मला वाटत नाही.

गुढीपाडव्याआधी ती गेली. हुग्गी खाऊन गेलेल्या बायका पुन्हा आल्या. "सुटली बिचारी. तू बी सुटलीस," म्हणाल्या. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

इस्पितळात एकदा तिला रक्त चढवलं, तेव्हा जराशी हुशारी आली होती. तिने खाटेवरून स्टीलचा पेला भिरकावला. खणकन आवाज झाला, सगळा वॉर्ड वळून बघू लागला, नर्स ओरडली. आईने खाली वाकून पेला उचलला आणि पुन्हा तिच्या हातात दिला.

"टाक की गं," आई म्हणाली. "अजून टाक."