पाटीवर फक्त आग होती

धुरपदाची चप्पल शिरूरच्या एसटी स्टँडवर पायातून निसटली आणि तिला कळलंच नाही. ती तशीच पुढे चालत राहिली. मागून एका म्हाताऱ्याने हाक मारली, "अवो बाई, चप्पल राह्यली न्हवं तुमची!" तिने खाली पाहिलं, तर उजवा पाय अनवाणी. एप्रिलची दुपार होती, डांबर पाघळायला आलेलं, आणि तळव्याला चटका म्हणून नव्हता. तिने मागे जाऊन चप्पल घातली, ती डोळ्यांनी बघून. बसमध्ये बसल्यावर पदराआड पायाला चिमटा काढला. दुसऱ्याच कुणाच्या पायाला काढावा तसा तो लागला.

ही १९९९ सालची गोष्ट. धुरपदा तेव्हा पस्तिशीची होती. तिचं माहेर इनामगावकडच्या एका वस्तीवरचं, मेंढरंवाल्यांचं. लहानपणी दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून ती आईबापांबरोबर घाट उतरून कोकणात जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. सगळी वाट पायी. तिचा भाऊ कोंडिबा अजून मेंढरांमागे जातो. धुरपदा लग्न होऊन शिरूरजवळ आली. तिच्या सासऱ्याने मेंढरं विकून विहीर पाडली होती. नवरा ज्ञानू बाजरी आणि कांदा करायचा. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रस्त्याकडेला एक शेड उभी राहिली, तिथे बायका पाहिजेत असं कानावर आलं, आणि ती कामाला लागली.

शेडमध्ये पितळेचे लहान लहान पार्ट यायचे, तेलाने माखलेले. लांब टेबलाला दोन्ही बाजूंनी बायका बसायच्या. समोर ट्रेमध्ये पाण्यासारखं स्वच्छ केमिकल. त्यात फडकं बुडवायचं, पार्ट पुसायचा, उजेडाला धरून बघायचा, खोक्यात टाकायचा. ते हाताला गार लागायचं आणि बघता बघता उडून जायचं. वास पेट्रोलसारखा. त्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून बायकांनीच त्याला 'गारवा' म्हणायला सुरुवात केली. "जरा गारवा वत गं इकडं," असं टेबलावर चालायचं. खिडक्या कायम बंद, कारण पुसलेल्या मालावर धूळ बसली तर तो परत यायचा. पंखाही बंद, कारण वाऱ्याने गारवा उडतो आणि पिंप लवकर संपतं.

धोक्याची ताकीद मात्र भरपूर होती. दारावर मोठी लाल पाटी, तिच्यावर ज्वाळेचं चित्र आणि खाली 'अत्यंत ज्वालाग्राही. विडी, काडीपेटी आत आणू नये.' भिंतीला वाळूने भरलेल्या लाल बादल्या. गेटवर वॉचमन बायकांच्या पिशव्या चाचपायचा. सुपरवायझर सोपानराव पंचक्रोशीतल्याच बागाईतदार घरातला. नव्या बाईला पहिल्या दिवशी तो एवढंच सांगायचा, "हे पेटतं. ठिणगी पडली तर समद्या जाल. बाकी भ्यायचं काय काम न्हाई." एकदा पुण्याहून माणूस आणून मालकाने आग विझवायची कवायतही करून घेतली होती. बायकांनी हसत हसत वाळू फेकली होती.

पाटी खोटी नव्हती. ते केमिकल पेटायचंच. पण ते आणखी काय करतं, याबद्दल त्या शेडमध्ये एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं.

आधी धुरपदाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग थापताना भाकरी हातातून निसटायला लागली. पुढे पाऊलच उचलेना. टाच टेकण्याआधी बोटं जमिनीवर आपटायची, म्हणून ती गुडघा वर घेऊन चालायला लागली, चिखलातून चालल्यासारखी. सासू म्हणाली वात आहे. गावातल्या डॉक्टरांनी साखर तपासली, ताकदीची इंजेक्शनं दिली आणि विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" धुरपदाला त्या प्रश्नाचा राग आला.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या रतनबाईला डब्याचं झाकण उघडेना. रतनबाई साठीला आलेली.

"काय झालं, आक्का?" धुरपदाने विचारलं.

"हातात जीवच ऱ्हायला न्हाई गं. म्हातारपन, दुसरं काय."

समोर अंजना बसली होती. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. ती म्हणाली, "मंग मला कशानं म्हातारपन आलं?" आणि तिने हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

तिघी एकमेकींच्या हातांकडे बघत बसल्या. भोंगा झाला तरी उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात ज्ञानूने धुरपदाला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळव्याला सुई टोचून पाहिली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली आणि मग आजवर कुणीच न विचारलेलं विचारलं, "काम काय करता?"

धुरपदाने सगळं सांगितलं. गार लागतं, लगेच वाळतं, पेट्रोलसारखा वास येतो.

"खिडक्या उघड्या असतात?"

"कवाच न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बहुतेक हेक्सेन आहे. पेटतं ते खरं. पण रोज श्वासातून आत गेलं की हातापायांच्या नसा मरतात. सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणून पायांपासून सुरुवात होते."

"आवो, मंग आमाला कुणी सांगितलं का न्हाई?"

बाईंनी समजावलं. कारखान्यातल्या कुठल्याही केमिकलचा धोका दोन बाजूंनी बघायचा असतो. ते स्वतः काय करतं, म्हणजे पेटतं, फुटतं की लोखंड खातं, ही एक बाजू. माणसाच्या अंगाला काय करतं, म्हणजे कातडीला, डोळ्यांना, छातीला, नसांना, ही दुसरी. "तुमच्याकडे पहिली बाजू लिहिली आणि दुसरी सोडून दिली. काम आजच बंद करा. आणि एक लक्षात ठेवा, सोडल्या सोडल्या बरं वाटणार नाही. दोन-तीन महिने उलट वाढेल. मग उतरायला लागेल. सगळं उतरेलच असं मात्र सांगत नाही."

परतीच्या बसमध्ये ज्ञानूला वाटलं, धुरपदा घाबरली. ती घाबरली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर त्या लाल बादल्या येत होत्या. रंग उडाला की त्यांना दरवर्षी नवा रंग देत होते.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली ती कामाला नव्हे. सोपानराव दारातच उभा होता.

"सोपानदादा, ह्यानं नसा मरत्यात. तुमाला ठावं व्हतं का?"

"कोण म्हनलं?"

"पुन्याची डॉक्टरीन."

"आगं, पिंप देनारा म्हनतो ज्वलनशील. ज्वलनशील म्हंजी पेटनारं. विषारी कुटं म्हनलाय त्यो? त्यानं सांगितलं त्येच आमी पाटीवर लिवलं."

"आग लागली तर काय जळंल, दादा?"

"काय म्हंजी? शेड जळंल, माल जळंल."

"शेड कुनाची?"

"मालकाची."

"आन् पाय कुनाचं?"

सोपानराव म्हणाला, "घरी जा, आराम कर." ती घरी गेली. रतनबाई आणि अंजना मात्र गेल्या नाहीत. त्यांच्या घरात दुसरी कमाई येत नव्हती.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच दुखणं वाढत गेलं. धुरपदाला उभं राहता येईना. ज्ञानू तिला उचलून अंगणात आणायचा. जी पोरगी घाट चढून-उतरून आली होती, ती ढुंगणावर सरकत चुलीपर्यंत जायची. कोंडिबा भेटायला आला, तिच्याकडे बघून परसात जाऊन रडला. धुरपदा आतून ओरडली, "रडतूस काय? अर्ज ल्ही!"

कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात अर्ज झाला. बऱ्याच हेलपाट्यांनंतर एक तपासणी साहेब शेडवर येणार असं कळलं. ज्ञानूने तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. साहेबांनी बादल्या मोजल्या, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचली, चहा घेतला. पुण्याहून आलेला मालक हसतमुख होता.

"साहेब, तुम्हीच विचार करा," तो म्हणाला. "या बाई दोन महिने घरी आहेत. आमच्या केमिकलने झालं असतं, तर काम सोडल्यावर कमी व्हायला पाहिजे होतं. यांचं तर वाढलंय."

धुरपदा ज्ञानूच्या आधाराने, दाराच्या चौकटीला धरून कशीबशी उभी होती. "वाढनार म्हनून त्या बाईनं मला आधीच सांगितलंय. दवाखान्यात इचारा."

साहेब फाईल बंद करत म्हणाले, "बाई, आगीची व्यवस्था इथे उत्तम आहे. आजारपणाचं ऑफिस वेगळं. तिकडे अर्ज करा."

आत टेबलावर बायका माना खाली घालून पुसत होत्या. खिडक्या बंद होत्या. तो वास धुरपदाच्या नाकात गेला आणि तिचं डोकं फिरलं. ज्ञानूचा हात झटकून, टेबलाला धरत धरत ती खोक्यापर्यंत गेली, पितळेचा एक पार्ट उचलला आणि समोरच्या काचेवर भिरकावला. हातात जोर कुठे होता? तो अर्ध्या वाटेतच खाली पडला. मालकाला हसू फुटलं.

त्या हसण्याने अंजना उठली. तिने भिंतीवरची वाळूची बादली दोन्ही हातांनी ओढली आणि खिडकीवर घातली. काच खळकन खाली आली. मग रतनबाई उठली, मग पलीकडच्या रांगेतल्या बायका. सोपानराव "आगं, आगं" करत इकडून तिकडे पळत होता. शेवटची काच फुटली तेव्हा आरपार वारं आलं आणि साहेबांच्या फाईलमधले कागद शेडभर उडाले.

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "काचा कुणी फोडल्या?"

"मी," धुरपदा म्हणाली. "लिवा."

हवालदाराने तिला सही करायला पेन दिलं. ते तिच्या बोटांतून दोनदा पडलं. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं आणि मग मालकाकडे. "साहेब, ही केस कोर्टात न्यायची आहे का? मग हिचे दवाखान्याचे कागद पण येतील." मालकाने तक्रार मागे घेतली.

खिडक्यांना परत काचा बसल्या नाहीत, जाळ्या बसल्या. वर्षभराने भिंतीत मोठे पंखे आले आणि दुसरंच केमिकल यायला लागलं. का बदललं ते बायकांना कुणी सांगितलं नाही. पाटीवर ज्वाळेखाली बारीक अक्षरांत 'वाफ हुंगू नये' असं वाढलं. माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या ऑफिसातला अर्ज कुठे गेला, तेही कळलं नाही. अंजना तरुण होती, ती सावरली. रतनबाई शेवटपर्यंत काठी घेऊन चालली. धुरपदाचे हात बरेचसे परत आले, डावा पाय आला, उजवा घोटा कच्चाच राहिला. मेंढरांमागे भावाबरोबर एकदा कोकणात जाऊन येईन म्हणायची, ते म्हणणं तिने सोडून दिलं.

२००६ साली तिची सून पूनम एका नव्या कारखान्यात कामाला निघाली. धुरपदा तिच्याबरोबर गेटपर्यंत गेली आणि तिथल्या मॅनेजरला म्हणाली, "साहेब, काय काय केमिकल वापरता ते सांगा. पेटतं का त्ये न्हाई इचारत म्या. मानसाला काय करतं, त्ये सांगा."

मॅनेजर म्हणाला, "मावशी, अशा चौकशा करणारी माणसं आम्हाला नकोत." पूनमला त्यांनी गेटवरूनच परत पाठवलं.

वाटेत पूनम रडत म्हणाली, "आत्या, तुमच्यामुळं गेलं माझं काम. तुमाला कोन इचारायला लावलं व्हतं?"

"कुनीच न्हाई," धुरपदा म्हणाली. "आमच्या टायमाला बी कुनी इचारलं न्हाई."

पूनम त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी धड बोलली नाही. ज्ञानूही म्हणाला की जरा दमानं घ्यायला पाहिजे होतं. धुरपदाने दोघांचं ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी ती परत त्याच गेटवर जाऊन उभी राहिली आणि मॅनेजरची गाडी येताना दिसली तशी रस्त्याच्या मधोमध आली.