अक्काच्या पोपटाची मान

दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, एक झालं आणि महिन्याने दुसरं, आणि त्या दोन-अडीच महिन्यांत मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. डॉक्टरांनी तसं फार काही मना केलं नव्हतं. मना केलं ते आमच्या ह्यांनी. सातपूरच्या कारखान्यात सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. मशीन दुरुस्त झालं की लगेच त्याच्यावर लोड टाकायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि त्यांच्या लेखी मीही मशीनच.

नेमकं त्याच दिवसांत अक्काला झटका आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, येवल्याला दिलेली. आयुष्यभर माग चालवला, पैठण्या विणल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून एसटीने जाऊन आले एकदा. ती खाटेवर पडून माझ्याकडे बघत होती आणि मला ती धड दिसत नव्हती. काय बोलायचं? हात धरून बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

तर सांगायची गोष्ट पोपटाची आहे. अक्काच्या पदरावर एक पोपट असतो, तो मान वळवून मागे बघतो. बाजारात मिळतात ते पोपट समोर बघतात, नाकासमोर, शाळेतल्या हुशार मुलासारखे. हा मागे बघतो. अक्काच्या सासूने तो बसवला आणि अक्काला तोंडी शिकवला. कागदावर कधीच आला नाही, कारण सासूला लिहिता येत नव्हतं आणि अक्कालाही येत नाही. तिला आकडे पाठ. हिरवा तीन, लाल एक, सोड सात. म्हणजे हिरव्या रेशमाने तीन तारा घ्यायच्या, लालने एक, सात तशाच सोडायच्या. अशी एक ओळ. अशा शंभरावर ओळी झाल्या की एक पोपट.

ऑपरेशनच्या आधीच्या थंडीत मीच तिला म्हटलं होतं, "अक्का, सांग बाई, मी लिहून घेते."

"तू? तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

"ओवायचंय कुठं, टाइप करायचंय."

मी सातवी शिकलेली. कॉम्प्युटर माझा मी शिकले, साठी उलटल्यावर, मुलीने तिचा जुना दिला तेव्हा. मराठी अक्षरं कुठल्या बटणाखाली बसलीत ते कागदावर काढून भिंतीला चिकटवलं होतं. त्यात एक साधा लिहायचा प्रोग्रॅम आहे, कोऱ्या वहीसारखा. नक्षी नाही, रंग नाही. उघडायचा आणि लिहायचं. मला तेवढा एकच येतो.

रोज दुपारी जेवणं आटपली की अक्काचा फोन यायचा. मी तो स्पीकरवर ठेवायची. ती गाणं म्हटल्यासारखी ओळ सांगायची, मी टाइप करायची. पाच-सहा ओळींच्या पुढे तिची पाठ भरून यायची आणि माझे डोळे चुरचुरायचे. अक्षरं तर इतकी धूसर दिसायला लागली होती की शेवटी ह्यांनी शक्कल काढली. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये, मधे भिंत. ह्यांनी ड्रिल घेतलं, भिंतीला भोक पाडलं, वायर पलीकडे काढली, पट्टीत बसवली, भोकाला व्हाइट सिमेंट भरून वरून रंगसुद्धा दिला. मुलीने फोनवरून कसं कसं जोडायचं ते सांगितलं. मग मी हॉलमध्ये सोफ्यावर, बिनवायरचा कीबोर्ड मांडीवर, आणि समोर टीव्हीवर अक्काचे आकडे वीत-वीतभर. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "काय हो, आज कुठली मालिका?"

पोपट पुरा लिहून झाला आणि आठवड्याने माझं पहिलं ऑपरेशन.

आता हे सगळं झाल्यावर, परवाची गोष्ट, येवल्याहून अक्काच्या सुनेचा फोन आला. अक्काच्या मागावर आता तीच बसते.

"मावशी, डोळे कसे हायेत?"

"आहेत बाई. अक्का?"

"तसंच. मावशी, माग बंद पडलाय. आई आजारी पडल्या तवा पदर निम्मा झाला व्हता. पोट झालं, पंख झाला, मानेपाशी येऊन थांबलीय मी. आई शेजारी बसून सांगायच्या, त्यावर चालायचं. आता रोज खाटेवरनं मागाकडं बघत ऱ्हातात नुसत्या. मला बघवंना. तुम्ही लिहून घेतलं व्हतं ना?"

"हो गं, आहे की माझ्याकडे. दहा मिनिटांत सांगते."

दहा मिनिटांत! किती सहज म्हणाले मी.

आत जाऊन कॉम्प्युटर चालू केला. नव्या डोळ्यांनी सगळं लख्ख, धूळसुद्धा. वहीच्या चित्रावर दाबलं. वाळूचं घड्याळ फिरावं तसं काहीतरी फिरलं, खालच्या पट्टीवर वहीचं चित्र उमटलं, आणि बस्स. वही उघडलीच नाही. परत दाबलं. परत तेच. बंद केला, चालू केला. तेच. सुनेला फोन करून म्हटलं, जरा वेळ लागतोय. ती म्हणाली, "सावकाश, मावशी." तिच्या त्या सावकाशनेच मला घाम फुटला.

मुलीला पुण्याला फोन लावला. ती ऑफिसात होती, कुजबुजत बोलत होती.

"आई, ती फाइल दुसऱ्या कशात तरी उघड ना. कुठे सेव्ह केलीस?"

"सेव्ह म्हणजे?"

"नाव काय दिलं होतंस?" तिने विचारलं.

"नाव कशाला द्यायचं? रोज उघडलं की आदल्या दिवशीचं तिथेच असायचं की गं."

"आई, म्हणजे तू एकदाही सेव्ह नाही केलंस? तो प्रोग्रॅम आपला आपण आठवण ठेवतो म्हणून ते तिथे दिसत होतं. ते फक्त त्याच्या पोटात आहे. पप्पांना सांग, काहीही पुसायचं नाही, काढायचं नाही, नवीन टाकायचं नाही."

हे दारात उभे होते. "मी चौकातल्या रिपेअरवाल्याला विचारून आलो," म्हणाले. "तो म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. अर्ध्या तासाचं काम."

"फॉरमॅट म्हणजे काय होतं गं?" मी मुलीला विचारलं.

"सगळं पुसलं जातं."

मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्याने हॉलमध्ये जाऊन बसले.

मग सुरू झाली आमची झटापट. मुलगी तिकडून सांगणार, हे बटण धर, ते दाब. मी इकडे दाबणार. काही होणार नाही. तिला मीटिंग आली की ती फोन ठेवायची, मी तशीच बसून राहायची. कंबर दुखायला लागली. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली, थेंब घातले, पुन्हा बसले. एकदा काय झालं, खालच्या पट्टीवरच्या चित्रावर बाण जरा वेळ तसाच राहिला, तर वर एक एवढासा चौकोन आला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि त्यात मुंग्यांसारख्या ओळी! अक्काच्याच ओळी, दुसऱ्या कुणाच्या असणार? मी नाक लावलं स्क्रीनला. नवीन डोळे, पण मुंग्या त्या मुंग्याच. बाण हलला, चौकोन गेला.

मला तेव्हा रडू आलं खरं. अक्का खाटेवर आहे, आहे म्हणजे समोर आहे, आणि बोलत नाही. आणि हिच्या ओळीही तशाच. आहेत, आणि हाताला लागत नाहीत.

मुलीला सांगितलं. ती उलट खूश. "म्हणजे वही उघडलेली आहे, आई! उघडतेय, फक्त आपल्याला दिसत नाही अशा ठिकाणी उघडतेय. ती टीव्हीची वायर काढली ना तुम्ही?"

मी आतूनच ओरडले, "अहो, टीव्हीची ती वायर काढली ना?"

हॉलमधून आवाज आला, "हो हो, केव्हाच!"

"काढलीय म्हणतात."

"मग काय झालंय?" ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "आई, राहू दे आता. शनिवारी येते मी."

शनिवार चार दिवसांवर. फोन ठेवला. सुनेला काय सांगू? नुसतीच बसून माउस फिरवत राहिले, पोथीची पानं चाळावीत तशी. आणि मग ते लक्षात आलं. बाण डावीकडे नेला की कडेला अडतो. वर नेला की अडतो. उजवीकडे नेला की अडत नाही, सरळ बाहेर जातो आणि गायब होतो. भिंतीत शिरल्यासारखा. परत डावीकडे ओढला की थोड्या वेळाने येतो, कुठेतरी जाऊन आल्यासारखा.

उजवीकडे काय आहे? भिंत. भिंतीत काय आहे? रंग दिलेला सिमेंटचा गोळा. आणि त्याच्या पलीकडे?

मी उठून हॉलमध्ये गेले. हे बातम्या बघत होते.

"वायर काढली म्हणालात."

"काढल्यातच जमा की ती. टीव्ही परत केबलवर लावलाय, म्हणजे ती मेलेली वायर."

"काढली का नाही?"

"अगं, सिमेंट भरलंय. ओढली तर पट्टी निघेल, रंग जाईल, पुन्हा भोक दिसेल. एवढं फिनिशिंग केलंय आणि..."

"रिमोट आणा इकडे."

ते स्वतःच उठले, टीव्हीपाशी गेले, रिमोटचं बटण दाबत गेले. बातम्या गेल्या, निळा पडदा आला, आणि मग सबंध भिंतभर अक्का. हिरवा तीन, लाल एक, सोड सात. वीत-वीतभर. सकाळपासून ती तिथेच होती, बातम्यांच्या मागे, आणि मी आतल्या खोलीत तिला हाका मारत होते.

हे म्हणाले, "चुकलंच माझं." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी बोटावर मोजण्याइतकंच ऐकलंय. पण खरं सांगते, मला रागावायचं त्राणच नव्हतं. मुलीला फोन केला, तिने आधी सेव्ह करायला लावलं. नाव काय देतेस म्हणाली, मी म्हटलं, पोपट.

मग येवल्याला लावला. सुनेने फोन स्पीकरवर टाकला, अक्काच्या उशाशी ठेवला, आणि ती मागावर बसली. मागाचा आवाज फोनमधून आला तेव्हा ह्यांनी टीव्हीचा आवाज नसतानाही रिमोटने आवाज कमी केला.

"मान कुठनं सुरू होती, मावशी?"

मी वाचायला लागले. नव्या डोळ्यांनी सोफ्यावरून सगळं दिसत होतं. एक ओळ, दोन ओळी. ती थांबून थांबून विणत होती, विणणं काही वाचण्याइतकं पटकन होत नाही. चौथ्या ओळीवर मी आले आणि तिथे लिहिलं होतं, "वरीलप्रमाणे." पाचवी, "वरीलप्रमाणे." सहावी, "वरीलप्रमाणे."

मला तो दिवस आठवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, अक्का ओळ सांगत होती, आणि मला वाटलं ही तेच तेच सांगतेय. सगळं कशाला टाइप करायचं? ऑफिसातल्या कागदावर लिहितात तसं मी आपलं वरीलप्रमाणे लिहून मोकळी झाले.

"मावशी?"

"तीन ओळी वरच्यासारख्याच आहेत," मी म्हणाले.

तिकडून खाटेचा आवाज आला. मग सून म्हणाली, "थांबा. थांबा, मावशी. आई डावा हात हलवायल्यात. नाही म्हणतात."

हे माझ्याकडे बघत होते.

"आई, काय? वरच्यासारखी नाही? मग? हिरवा?" मधे बराच वेळ गेला. "मावशी, एक बोट दाखवतात."

"एक कमी का एक जास्त, विचार."

"आई, कमी? ... कमी. मान हलवली. दरेक ओळीला एक कमी का, आई? ... हो म्हणतात! मावशी, दरेक ओळीला हिरवा एक एक कमी व्हत जातो!"

एका तारेने. म्हणून तर मान वळते. मी तिन्ही ओळी एकसारख्या करून टाकल्या होत्या; तो पोपट समोर बघत राहिला असता आणि कुणाला कळलंही नसतं, अक्का सोडून.

"लिही," हे म्हणाले आणि कीबोर्ड माझ्या मांडीवर आणून ठेवला.

मी तिन्ही ओळी पुसून नव्याने लिहिल्या, पुऱ्या, एकही शब्द न गाळता. पुढे आणखी दोन ठिकाणी "वरीलप्रमाणे" होतं. तिथे आम्ही थांबलो, अक्काला विचारलं, तिने बोटं दाखवली. संध्याकाळपर्यंत मान आणि चोच. मग अक्का दमली. मीही.

ह्यांनी विचारलं, "वायर काढू आता? रंग गेला तर गेला."

"राहू द्या," मी म्हटलं. "उद्या शेपटी आहे."